मशीन कुठं ठेवणार, ते आधी ठरवा

परभणीहून आलेलं चार पानी पत्र थोडक्यात असं:

"मावशी, ह्यांना संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. दसऱ्यानंतर रुजू व्हायचंय. ह्यांनी तिकडं नव्या आखीव शहराला लागून एक फ्लॅट बघितलाय. दसऱ्याला बुकिंग केलं तर मॉड्युलर किचन फुकट मिळतं. दीर बजाजनगरला असतात, ते म्हणतात इकडंच या, माणसं जवळ राहतील. शेजारच्या वहिनी म्हणतात सिडको बरं. परभणीचं घर विकून आणि वर कर्ज काढून 40 लाखांपर्यंत जाता येईल. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. सासूबाईंचे गुडघे गेलेत. माझं ब्लाउजचं आणि फॉल-पिकोचं काम आहे, ते काय कुठंही होईल. आम्ही घर कुठं बघावं?"

ताई,

तुमच्या मूळ पत्रात 'ह्यांना', 'ह्यांचं', 'ह्यांच्या कंपनीला' असं मिळून 23 वेळा आलंय. पेन्सिलनं खुणा करत मोजलं. तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल एकच ओळ आहे, तीही चौथ्या पानावर, सहीच्या जरा वर. मी तिथूनच सुरुवात करते, कारण ते काम कुठंही होत नाही.

फॉल लावून घ्यायला म्हणून कुणी बाई घरातून निघत नाही. ती भाजीला निघते, लेकराला क्लासला सोडून परत येते, वाटेत तुमचं दार उघडं दिसतं आणि तिला आठवतं, अगंबाई, त्या साडीचं राहिलंच. परभणीत तुमची गिऱ्हाइकं अशीच जमली असणार. आता हेच काम मोठ्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर मांडून बघा. गेटवर वॉचमन वही पुढं करणार, नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा, मग फोन लावून विचारणार, सोडू का. एका फॉलसाठी एवढं कोण करतं? सोसायटीतल्याच बायका येतील, नाही असं नाही. पण इमारत नवी असली की पहिली दोन-तीन वर्षं निम्म्या फ्लॅटना कुलूप असतं. घेणारे गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवतात. कुलपाला ब्लाउज लागत नाही.

दुसरं असं की तुमचे हे सकाळी जातील ते संध्याकाळी येतील. दिवसभर घरात कोण? तुम्ही आणि सासूबाई. म्हणजे नकाशावर कंपासचं टोक ठेवायचं ते कंपनीच्या गेटवर नाही, तुमच्या मशीनवर.

आता त्या आखीव शहराबद्दल. मला त्याचं वावडं नाही. ऑरिक त्याचं नाव, दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतला प्रकल्प. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकर. 2019 च्या सप्टेंबरात तिथल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. रस्ते रुंद, विजेच्या तारा जमिनीखालून. डोक्यावर तारांचं जाळं नाही, हे आपल्याकडच्या डोळ्यांना पहिल्यांदा चमत्कारिकच वाटतं. आराखड्यात साधारण 60 टक्के जागा उद्योगांना आणि उरलेली राहणं, दुकानं, शाळा-दवाखाने, मोकळ्या जागा यांना. घरापासून चालत कामाला जावं, अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. फक्त कारखाना आधी येतो, मग रस्त्याला चहाची टपरी येते, मग भाड्याच्या खोल्या, आणि शाळा, दवाखाना, किराणा, पिठाची गिरणी, रिक्षा या गोष्टी सगळ्यात शेवटी येतात. तुम्हाला मात्र त्या पहिल्या दिवसापासून लागणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही एका आखीव वसाहतीत प्लॉट घेतला तो समोर बाग आहे म्हणून. बाग होती नकाशात. विकास आराखड्यात बागेचा रंग हिरवा असतो, तसा आमच्या घरासमोर झकास हिरवा चौकोन होता. कागद घेऊन आम्ही तिथं उभे राहिलो तर समोर बाभळी आणि गाजरगवत. होईल की, म्हणाले. झालीसुद्धा! सिमेंटची बाकं, झोके, घसरगुंडी, सगळं आलं. पण तोवर आमचा लेक पुण्यात नोकरीला लागला होता. आता त्या बागेत मी आणि शेजारच्या दोघी जणी संध्याकाळी बसतो आणि दुसऱ्यांची नातवंडं झोके घेताना बघतो. नकाशा खोटा नव्हता. आमच्या लेकरांचं वय त्यासाठी थांबलं नाही, एवढंच. तुमची मुलगी पाच वर्षांत बारावी होऊन बाहेर पडेल. तिच्यासाठी जे हवंय ते आज उभं आहे का, तेवढं बघा.

आणि तुमच्या पत्रातला 'लागून' हा शब्द मला खटकलाय. फ्लॅट ऑरिकच्या हद्दीत आहे की ऑरिकला 'लागून'? जाहिरातीत हे दोन्ही सारखंच दिसतं. कुंभेफळ, लाडगाव, करमाड या बाजूला जालना रोडनं जाताना फलक बघा, प्रत्येक जण ऑरिकच्या नावानं विकतोय. पण हद्दीबाहेरच्या इमारतीला ना ते जमिनीखालचं वायरिंग, ना तिथलं पाणी, ना तिथलं ड्रेनेज. नाव शेजारच्या शहराचं, पाणी बोअरचं आणि सांडपाणी सेप्टिक टँकचं, असा तो व्यवहार होतो. बांधकामाची मंजुरी कुणी दिली, हे एक वाक्य ह्यांना विचारायला सांगा. ऑरिकनं, महानगर विकास प्राधिकरणानं, की हातात नुसता ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, आहे? शेवटचं उत्तर आलं तर किचन फुकट काय, वर फ्रिज दिला तरी नको. बांधकामं नोंदवणाऱ्या महारेराचा नंबर मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा, पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढं ढकललीय ते तिथं कळतं. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असा कायदा आहे. दसऱ्याच्या मुहूर्तावर 'निम्मे भरून टाका' म्हणत असतील तर मुहूर्त टळू द्या.

बजाजनगरचं लवकर सांगून टाकते. वस्ती चांगली भरलेली आहे. 1985 च्या सुमारास वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आधारानं ती वाढली. बाजार आहे, शाळा आहेत, गिऱ्हाईकही मिळेल. ह्यांची नोकरी वाळूजला असती तर मी पुढं काही लिहिलंच नसतं. पण वाळूज शहराच्या पश्चिमेला आणि शेंद्रा पूर्वेला. मधे सगळं संभाजीनगर आडवं पडलेलं. रोज एका बाजूला 25-30 किलोमीटर, त्यात नगर नाक्यापासून चिकलठाण्यापर्यंतचे सगळे सिग्नल. दिरांच्या घरी रविवारी जा. प्रेमही टिकतं.

राहिलं सिडको. वहिनींचं म्हणणं मला पटतं, पण 'सिडको' म्हणजे एक जागा नाही.

सत्तरच्या दशकात सिडको या सरकारी महामंडळानं इथं नवं शहर आखायला घेतलं, तेव्हा एन-1, एन-2 असे भाग पाडले. 2006 मध्ये ते महापालिकेकडं गेलं, पण पत्ता अजून तोच सांगतात, 'एन-फाइव्हला राहतो'. एन-1 मध्ये मोठे प्लॉट, बंगले, झाडं. तुमच्या बजेटचा विषयच नाही आणि रस्त्यानं चालणारं माणूसही कमी. एन-5 मध्ये कॅनॉट प्लेस, क्लासेस, खाण्याच्या गाड्या, संध्याकाळी तरुण पोरांची ही गर्दी. तिथं दुकानाचं भाडं परवडायचं नाही. हडको, टीव्ही सेंटरची बाजू दाट वस्तीची, छोट्या घरांची, बाजार पायाखाली. तुमच्या धंद्याला ती छान, पण शेंद्र्याला निघायचं तर आधी जालना रोड गाठावा लागतो. मी तुमच्या जागी असते तर एन-2 आणि मुकुंदवाडीच्या अंगानं पहिली चक्कर मारली असती. जालना रोड जवळ, चिकलठाणा पुढं लगेच, गल्ल्या बायकामाणसांनी भरलेल्या. शिवाय मुकुंदवाडीला रेल्वे स्टेशन आहे, परभणीच्या बाजूच्या काही गाड्या तिथं थांबतात. सासूबाईंना माहेरच्या लग्नाला न्यायचं तर मेन स्टेशनपर्यंत रिक्षा करायला नको.

ह्यांच्या जाण्यायेण्याचं म्हणाल तर तिथून शेंद्रा पंधराएक किलोमीटर. मोटारसायकलवर जाऊ देऊ नका, निदान रोज नको. रस्ता सरळ पूर्वेला जातो. सकाळी ऊन डोळ्यांत, संध्याकाळी परत येताना पुन्हा ऊन डोळ्यांतच, आणि शेजारून कंटेनर. बऱ्याच कंपन्यांच्या बस शहरातून निघतात. रुजू होण्याआधी एचआरला एवढंच विचारायचं, बस कुठल्या कुठल्या चौकात थांबते आणि सेकंड शिफ्टला परत कुठं सोडते. घर त्या थांब्यापासून दहा मिनिटं चालण्याच्या आत शोधायचं. या शहरातली निम्मी घरं अशीच शोधलेली आहेत, कुणी कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी.

आता पाणी. इथं जरा जास्त वेळ घेते.

मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. त्यानं गावाबरोबर पाण्याची नहर खोदून आणली. नंतरच्या काळातली पाणचक्कीही नहरीच्याच पाण्यावर फिरायची. म्हणजे आधी पाणी, मग पेठा. आपण उलटं केलं. शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीवरून, चाळीसेक किलोमीटर लांबून. नळाला रोज पाणी ही इथल्या कित्येक पोरांनी ऐकलेली गोष्ट आहे, बघितलेली नाही. नव्या योजनेची 2,500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, म्हणजे आत माणूस सरळ उभा राहील एवढी, त्यावर मोठा भरवसा आहे. तो असावा. पण मोठा पाइप गावाच्या वेशीपर्यंत येतो. वेशीपासून तुमच्या हौदापर्यंतची पाण्याची टाकी, गल्लीतला पाइप आणि वॉल्व्ह उघडणारा लाइनमन यांचा हिशोब वेगळा असतो. म्हणून 'सिडकोला पाणी कसं आहे' असं विचारू नका. त्याच गल्लीतल्या तीन घरच्या बायकांना विचारा: किती दिवसांआड येतं, किती वाजता सुटतं, किती वेळ टिकतं. तिघींचं उत्तर जुळलं तर खरं. घरमालकाला विचारायचंच नाही.

मग हौद मोजायचा. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. तुम्ही पाच जण. सहा दिवसांआड पाणी धरलं तर 4,050 लिटर साठा लागतो. स्वतंत्र घरात जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून एवढं बसतं का, बघा. फ्लॅट असेल आणि इमारतीत अशी 16 घरं असतील तर 64,800 लिटर. खालचा हौद 20,000 चा निघाला तर उरलेलं कुठून येतं? टँकरनं. तो मेंटेनन्समध्ये लपलेला असतो आणि एप्रिल-मेमध्येच बाहेर येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मागच्या मे महिन्याची टँकरची बिलं मागा. आढेवेढे घेतले तर तेच उत्तर.

घर बघताना अजून एक, हे परभणीच्या माणसाला मी काय सांगावं, पण सांगते. काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं घर हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, मधेच खचलेली फरशी, दारं घासणं, ही लक्षणं. पाया मुरमापर्यंत नेला होता का, ते शेजारच्या जुन्या माणसाला ठाऊक असतं. रंग ताजा असेल तर भिंतीला हात लावून बघा, नुकती बुजवलेली भेग हाताला लागते. सिडकोच्या मूळच्या लहान घरांवर नंतर एकेक मजले चढलेत. पाया किती मजल्यांचा होता, हे विचारायला लाजू नका.

सासूबाईंसाठी तळमजलाच. वरचा मजला, त्यावर स्लॅब, त्यावर 42 अंशांचं ऊन, म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. पूर्वेकडं दार असलेल्या घरासाठी एजंट जास्त पैसे सांगेल आणि वास्तुशास्त्र ऐकवेल. ऐकून घ्या. खरं कारण सोपं आहे: दुपारनंतर ओटा सावलीत येतो. सासूबाई तिथं बसतील, तुमची मशीन आत त्याच दाराशी राहील, आणि येणारी-जाणारी आधी त्यांच्याशी बोलेल, मग तुमच्याकडं बघेल. गुडघे गेलेलं माणूस दुकानाला किती उपयोगी पडतं, हे तुम्हाला सहा महिन्यांत कळेल.

पण हे सगळं बघून लगेच विकत घ्या, असं माझं म्हणणं नाही. एक वर्ष भाड्यानं राहा. ह्यांनी दसऱ्यानंतर रुजू व्हावं, सहकाऱ्याबरोबर खोली करावी. लेकरांचं वर्ष परभणीत पुरं होऊ द्या. परीक्षा झाल्या की एप्रिलअखेरीस सगळे या. म्हणजे सगळ्यात आधी मे बघायला मिळतो, आणि मेमध्ये जी गल्ली सोसवली ती पुढं सोसवते. मग मृगाचा पाऊस आला की कुठल्या चौकात पाणी साचतं, कुठली लाइट दिवसभर जाते, तेही आयतंच कळतं. करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी करून घ्या, आपल्या राज्यात ती लागते. शाळेची चौकशी तेवढी जानेवारीतच करून ठेवा. सेमी की सीबीएसई, ते मुलीला विचारून ठरवा. माझी अट एकच, दुसरीतलं पोर चालत शाळेत जाईल एवढं अंतर.

आणि परभणीचं घर विकू नका. भाड्यानं द्या, ते भाडं इकडच्या भाड्यात टाका. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं लोक आपल्याला हिणवायला म्हणतात. तुमच्या बाबतीत ती चक्क सोय आहे. नवी नोकरी आहे, प्रोबेशन असेल, कंपनी कशी निघते ते अजून कुणाला माहीत? वर्षानं सगळं बसलं, गल्ली मानवली, मग विका आणि त्याच गल्लीत घ्या. तेव्हा कुठलं घर भांडणातलं आहे, कुठल्या घराचे कागद अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहेत आणि मधले सगळे व्यवहार मुखत्यारपत्रावर झालेत, हे तुम्हाला ओट्यावर बसून कळलेलं असेल. सिडकोचं घर लीजवरचं असेल तर हस्तांतराची परवानगी घ्यावी लागते, ती घेतली होती का, हे वकिलाकडून तपासून घ्यायचं. सातारा-देवळाईकडं स्वस्त घरं दाखवतील. त्यात बरीच गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटवरची असतात. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात असेल तर विचार करा. '100 च्या बाँडवर आहे, पण काही अडचण नाही' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठायचं.

ह्यांना राग येईल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. येईलही. त्यांना नोकरी मिळालीय, नवीन घर घेऊन ते साजरं करावंसं वाटतं, त्यात चूक काही नाही. भांडू नका. वहीत लिहून दाखवा. तुमची शिलाई महिन्याला किती, वर्षाला किती. चौथ्या मजल्यावर गेल्यावर त्यातली किती उरेल. 40 लाखांतल्या कर्जाचा हप्ता किती. तुमची कमाई त्या वहीत पहिल्यांदाच आकड्यात दिसेल, कदाचित तुम्हालासुद्धा.

दिवाळी झाली की एकदा या. सासूबाईंना घेऊन या. मुकुंदवाडीला उतरा, दुपारी चारनंतर पसंतीच्या गल्लीत अर्धा तास नुसत्या उभ्या राहा आणि किती बायका चालत जातात ते मोजा. येताना टेप आणा, ब्लाउज मापायची चालेल. पिकोची मशीन दारातून आत जाते का, खिडकीशी बसते का, उजेड डाव्या हातानं येतो का, ते मापून घ्या. आणि घर आवडलं तर इसार देण्याआधी घरमालकाला विचारा, दाराबाहेर पाटी लावू देणार का. हो-नाही करायला लागला तर पुढचं घर बघा.